लॉस सँटोसचा टोइंगवाला

लॉस सँटोस शहरात नव्याने उतरलेल्या माणसाच्या खिशात पाचशे डॉलर असतात आणि बँकेत पाच हजार. नाव त्याचं त्यानेच ठेवलेलं असतं, जन्मतारीखही त्यानेच ठरवलेली. नातेवाईक नाहीत, ओळखपाळख नाही. भूक आणि तहान मात्र वेळच्या वेळी लागते. सिटी हॉलमध्ये गेलं की नोकऱ्यांची यादी समोर येते: टॅक्सी, बस, मालवाहतूक, कचरागाडी, हॉटडॉगचा गाडा, बातमीदारी आणि टोइंग. टॅक्सीत किंवा मालाच्या ट्रकवर काय करायचं ते कुणी न सांगता कळतं, म्हणून नवखा माणूस तिकडे ओढला जातो. पण ज्याला या शहरात लवकर चार माणसं जोडायची आहेत, त्याने टोइंग घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

शहर अर्थातच खोटं आहे. रॉकस्टार कंपनीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या २०१३ सालच्या गेमसाठी ते लॉस एंजेलिसवरून बेतलं गेलं. २०१५ मध्ये गेम पीसीवर आला आणि काही हौशी प्रोग्रामरांनी त्याच्या नकाशावर स्वतःचे सर्व्हर चालवायची युक्ती काढली. तिचं नाव फाइव्हएम. रॉकस्टारला हे आधी मुळीच रुचलं नव्हतं. त्याच वर्षी कंपनीने या मंडळींची खाती बंद केली होती. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये फाइव्हएम बनवणारी टीमच कंपनीने विकत घेतली. मधल्या काळात लोकांनी या सर्व्हरांवर गोळीबार आणि शर्यती सोडून भलतंच काही उभं केलं होतं: कोर्ट, इस्पितळं, पोलीस ठाणी, गॅरेजं, हॉटेलं. प्रत्येक पात्रामागे एक खरा माणूस, आणि त्याने ते पात्र म्हणूनच बोलायचं, वागायचं. यालाच रोलप्ले म्हणतात. पाचशे डॉलर आणि नोकऱ्यांची यादी हे तपशील क्यूबीकोर नावाच्या तयार सांगाड्यातले. असंख्य सर्व्हर त्यावर उभे आहेत आणि प्रत्येक मालक त्यातले आकडे आपल्या मर्जीने बदलतो, तेव्हा तुमच्या सर्व्हरवर ते वेगळे दिसले तर नवल नाही.

कोकणातला दशावतार पाहिलेल्या माणसाला रोलप्ले समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. दशावतारात कथा ठरलेली असते, संवाद लिहिलेले नसतात. राजा आणि राक्षस समोरासमोर आले की जे सुचेल ते बोलून प्रसंग रंगवायचा. इथेही नियम आणि व्यवसाय ठरलेले, बोलणं उत्स्फूर्त. फरक इतकाच की प्रेक्षक बहुतेक वेळा नसतात आणि असले तरी ट्विचवर किंवा यूट्यूबवर, तुम्हाला न दिसणारे.

तयारी फारशी नाही. गेमची विकत घेतलेली अधिकृत प्रत, बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डाचा पीसी, फुकट मिळणारं फाइव्हएम आणि आवाज स्वच्छ जाईल असा माइक. मे २०२० मध्ये एपिक स्टोअरने हा गेम आठवडाभर फुकट वाटला होता आणि त्या गर्दीने त्यांची साइटच बसली होती. तेव्हाची प्रत आजही कित्येकांच्या खात्यात पडून असेल. प्लेस्टेशनवर किंवा मोबाइलवर फाइव्हएम चालत नाही. मोबाइलच हाती असेल तर रोब्लॉक्समधला ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स: लिबर्टी काउंटी’ हा गेम बघावा. त्यात पोलीस, अग्निशमन यांच्या जोडीला रस्ते खात्याची एक वेगळी टीम आहे आणि तिच्याकडे टो ट्रक आहे.

माइकचं मात्र मनावर घ्या. इथे आवाज अंतराप्रमाणे ऐकू येतो. कुजबुज, साधं बोलणं आणि ओरडणं अशा तीन पायऱ्या असतात. टोइंगवाल्याच्या मागे ट्रकचं इंजिन घरघरत असतं, समोर सायरन. तिथे कुजबुजीच्या पायरीवर राहून तुम्ही दहा वाक्यं बोललात तरी समोरच्याला फक्त हलणारे ओठ दिसतील.

नियमांची पानं कंटाळवाणी असतात, पण टोइंगवाल्याला त्यातली तीन-चार कलमं रोज आडवी येतात. गाडी हत्यारासारखी वापरून कुणाला चिरडायचं नाही. याला व्हीडीएम म्हणतात, आणि तुमच्या हाती शहरातल्या सगळ्यात अवजड गाड्यांपैकी एक असल्याने तुमच्यावर नजर जरा जास्तच असते. कुणाच्या स्ट्रीममध्ये पाहिलेली किंवा डिस्कॉर्डवर वाचलेली गोष्ट पात्राला माहीत असल्यासारखी वापरायची नाही, हे मेटागेमिंग. समोरच्याला काही करायची संधीच न ठेवता त्याच्यावर गोष्ट लादायची नाही, हे पॉवरगेमिंग. मालक गाडीशेजारी उभा राहून बोलतोय आणि तुम्ही एक बटण दाबून त्याची गाडी ट्रकच्या पाठीवर टाकून निघून गेलात, तर नियमांच्या भाषेत ते याच सदरात मोडू शकतं. आणि प्रसंग अंगाशी आला म्हणून गेम बंद करून पळायचं नाही.

आता टोइंगचा अर्थ. आपल्याकडे पुण्या-मुंबईत टोइंग म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती वाहतूक पोलिसांबरोबर फिरणारी गाडी, नो पार्किंगमधली दुचाकी दोन्हीकडून धरून वर चढवणारी पोरं, आणि हेल्मेट हातात घेऊन मागे धावणारा मालक. लॉस सँटोसमध्ये हा अर्थ घेऊन गेलात तर पहिल्याच दिवशी भांडणं होतील. तिथला धंदा अमेरिकी धर्तीचा आहे. अमेरिकेत टोइंग हा प्रामुख्याने खासगी व्यवसाय आहे. गाडी बंद पडली की मालक त्यांना बोलावतो, अपघात झाला की पोलीस बोलावतात, कर्जाचे हप्ते थकले की सावकार बोलावतो. कॅलिफोर्नियात हायवे पोलिसांकडे मंजूर टोइंग कंपन्यांची यादी असते आणि पाळीपाळीने एकेकाला काम जातं, म्हणजे वशिल्याला वाव कमी. चांगल्या रोलप्ले सर्व्हरवर हीच घडी दिसते. तिथला टोइंगवाला वसुली करणारा नसून अडचणीत बोलावलं जाणारा माणूस असतो, आणि टोइंग घ्या असं मी म्हणतो ते याचसाठी. टॅक्सीला गिऱ्हाईक शोधावं लागतं. टोइंगवाल्याकडे पोलीस, चोर, डॉक्टर, मेकॅनिक आणि दारू पिऊन खांबावर गाडी घातलेला वकील हे सगळे आपणहून येतात.

मूळ गेमच्या कथेतही टो ट्रक आहे, तोही जरा उदास सुरात. कथेच्या नायकांपैकी एक फ्रँकलिन; त्याची जुनी मैत्रीण टोन्या त्याला गळ घालते: माझा जेबी नशेत पडलाय, नोकरी जाईल, त्याच्याऐवजी एवढ्या गाड्या ओढून दे. फ्रँकलिन कुरकुरत ते करतो. पुढे दीड लाख डॉलर मोजून डेव्हिस भागातलं जप्त गाड्यांचं आवारच विकत घेता येतं. रोलप्ले सर्व्हरवर पात्राला काही इतिहास द्यायचा असेल तर जेबीच्या या गोष्टीत भरपूर बीज आहे. सगळ्यांनीच माजी सैनिक असायची गरज नाही.

पहिली पाळी कशी जाते ते पाहू. डेपोवर ट्रक मिळतो, त्यासाठी अनामत भरावी लागते. क्यूबीकोरच्या मूळ आकड्यांत ती अडीचशे डॉलर आहे, म्हणजे हातातली निम्मी रोकड. ट्रक परत केला की अनामत परत. मग नकाशावर खूण येते: अमुक ठिकाणी एक बेवारस गाडी आहे, ती उचलून डेपोत आणा. ही कामं गेम स्वतः देतो, त्यात दुसरा माणूस नसतो. ती पहिल्या एक-दोन दिवसांपुरती ठीक, कारण रस्ते पाठ होतात. सेनोरा फ्रीवे कुठे उतरतो, ग्रेट ओशन हायवेवरून पॅलेटो बे किती लांब पडतं, रूट ६८ वरून सँडी शोअर्सला कसं जायचं, हे नकाशा न उघडता आलं पाहिजे. त्यानंतरही खुणांमागेच फिरत राहिलात तर पैसे साठतील आणि कुणालाही तुमचं नाव कळणार नाही. मला हा या नोकरीचा सगळ्यात मोठा सापळा वाटतो.

ट्रक दोन जातींचे. एकाला मागे आकडा असतो. आकडा खाली सोडून गाडीपाशी मागे मागे गेलं की तो पकडतो, मग उचलायचं. ही सोय मूळ गेमचीच आहे, त्यामुळे ओढलेली गाडी खऱ्यासारखी हेलकावते आणि जोरात आपटलं तर सुटते. दुसरा फ्लॅटबेड, सपाट पाठीचा. गंमत म्हणजे मूळ गेममधल्या फ्लॅटबेडची पाठ खाली सरकत नाही, तिला चढउतारही नाही. म्हणून सर्व्हरच्या स्क्रिप्टा सरळ एक चलाखी करतात: तुम्ही ‘टो’ हा आदेश दिला की गाडी उचलून ट्रकच्या पाठीवर ठरावीक जागी चिकटवून टाकतात. साखळी नाही, विंच नाही, काही नाही. काही सर्व्हरवर पाठ खाली येणारे खास बनवलेले ट्रक असतात, पण नवख्याच्या हाती पहिल्यांदा ही चिकटवाचिकटवीच येते.

यातूनच नवख्यांना चक्रावून टाकणारा प्रकार घडतो. तुमच्या पडद्यावर गाडी ट्रकवर आहे, पण शेजारी उभ्या पोलिसाला ती अजून रस्त्यातच दिसते. कारण असं, की खेळातली प्रत्येक गाडी कोणत्या ना कोणत्या खेळाडूच्या संगणकाच्या ताब्यात असते. तिची जागा, वेग, मोडतोड तो संगणक ठरवतो आणि बाकीच्यांना कळवतो. साधारणपणे जो ती चालवत होता त्याच्याकडे हा ताबा असतो. तुमची स्क्रिप्ट ताबा मागते. तो मिळायच्या आत गाडी चिकटवली गेली तर बदल फक्त तुमच्याच पडद्यावर होतो. उपाय साधा आहे. गाडीतून सगळे उतरलेत याची खात्री करा, गाडीजवळ जाऊन काही क्षण थांबा, मगच आदेश द्या. घाई करणाऱ्याच्या गाड्या हवेत तरंगतात, जमिनीत रुततात किंवा गायबच होतात.

ते काही क्षण रिकामे घालवायचे नसतात, हे कळलं की माणूस टोइंगवाला होऊ लागतो. गेमने साखळी दिली नाही तर ती तुम्ही शब्दांनी द्यायची. त्यासाठी ‘/me’ आणि ‘/do’ हे दोन लिखित आदेश असतात. पहिल्यात तुमचं पात्र काय करतंय ते लिहायचं: वाकून पुढच्या चाकाला पट्टा आवळतो. दुसऱ्यात आजूबाजूची स्थिती लिहायची किंवा विचारायची: चाक वाकलेलं दिसतंय का? उत्तर गाडीच्या मालकाने द्यायचं. त्याने ‘हो, आणि खालून तेल गळतंय’ असं लिहिलं की पुढच्या पाच मिनिटांचा विषय मिळाला.

इथे खऱ्या धंद्याची थोडी माहिती फार कामाला येते. गाडीचं इंजिन ज्या चाकांना जोर देतं ती चाकं जमिनीवर घासत लांब ओढली तर गिअरबॉक्सची वाट लागू शकते. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढून उचलावी, चारही चाकांवर चालणारी थेट फ्लॅटबेडवर घ्यावी. गेमला यातलं काहीही कळत नाही. मागून उचला, उलटी उचला, त्याला फरक पडत नाही. पण तुम्ही मालकाला म्हणालात, ‘साहेब, ही चारही चाकांची आहे, आकड्याने नेली तर खर्चात पडाल, मी फ्लॅटबेड मागवतो,’ की त्याच्या लेखी तुम्ही नकाशावरची खूण न राहता माणूस झालात.

या धंद्याची खरी सुरुवातही असल्याच एका खटपटीतून झाली. १९१६ साली टेनेसीतल्या चॅटनूगा गावात अर्नेस्ट होम्स नावाच्या गॅरेजवाल्याला ओढ्यात उलटलेली एक फोर्ड बाहेर काढायची होती. दोरखंड आणि माणसं लावून तासन् तास झटापट झाली. त्यानंतर त्याने एका जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवून ओढगाडी तयार केली. आज त्याच गावात टोइंगचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याच्या आवारात कामावर असताना मृत्यू आलेल्या टोइंग कामगारांच्या नावांची एक भिंत आहे. अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत आता असा कायदा आहे, की रस्त्याकडेला दिवे लावून उभी असलेली मदतगाडी दिसली की मागून येणाऱ्याने लेन बदलायची किंवा वेग कमी करायचा. हवाईने तो सगळ्यांत शेवटी, २०१२ मध्ये केला.

लॉस सँटोसमध्ये असा कायदा असला तरी पाळतं कोण? अपघाताच्या जागी थांबलेल्या तीन गाड्यांवर चौथी येऊन आदळणं हे रोजचंच आहे. म्हणून पोचल्यावर पहिलं काम पिवळे दिवे लावणं, दुसरं खाली उतरून पोलिसाला विचारणं: ‘साहेब, हात लावू का?’ हा प्रश्न नम्रतेपोटी नाही. गाडीत जखमी असू शकतो, डॉक्टर यायचे असतात. डिकीत पुरावा असू शकतो. पोलिसाला फोटो काढायचे असतात. न विचारता गाडी उचलणारा टोइंगवाला दुसऱ्यांदा बोलावला जात नाही. आणि पोलिसाने ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, दहा मिनिटं लागली तरी. त्या दहा मिनिटांत बघ्यांशी गप्पा होतात, मालकाची कहाणी कळते, कुणीतरी तुमचा फोन नंबर मागून घेतं. पगार गाडीमागे मिळतो, पण गिऱ्हाईक असल्या ताटकळण्यातून.

जप्तीच्या कामात मात्र वातावरण तापतं. पोलिसांनी गाडी जप्त केली, तुम्ही ती उचलताय आणि मालक धावत आला. खऱ्या कॅलिफोर्नियात खासगी जागेतून गाडी उचलण्याबद्दल एक कलम आहे जे इथे वापरायला झकास आहे. गाडी ट्रकला जोडली गेली, पण आवाराबाहेर पडायच्या आत मालक आला, तर त्याने मागताच ती सोडून द्यावी लागते. शुल्क घ्यायचं तर नेहमीच्या दराच्या निम्म्याहून जास्त नाही. पोलीस जप्तीला हे लागू नाही, हे ध्यानात ठेवा. दुकानाच्या मागच्या आवारात अडथळा करून लावलेली गाडी असेल तर हे कलम सांगून निम्म्या पैशांवर तोड काढता येते. मालक चिडतो, घासाघीस करतो, शेवटी पैसे देतो आणि पुढच्या वेळी बंद पडला की तुम्हालाच फोन करतो. थकलेल्या हप्त्यांची गाडी आणायला गेलात तर तिथेही अमेरिकी कायद्याची मर्यादा अशी, की शांतताभंग करून गाडी नेता येत नाही. मालक दारात उभा राहून विरोध करतोय तर परत फिरायचं आणि रात्री यायचं. रोलप्लेसाठी याहून चांगला प्रसंग मागून मिळणार नाही.

मग येतो मोह. गँगची गाडी पकडली गेलीय, डिकीत काहीतरी आहे, आणि तुमच्या फोनवर अनोळखी नंबरवरून निरोप येतो: डेपोत न्यायच्या आधी पाच मिनिटं वाटेत थांब, दोन हजार देतो. याचं उत्तर नियमांत नसतं, तुमच्या पात्राच्या स्वभावात असतं. लाच घेणारा टोइंगवाला हे उत्तम पात्र आहे, पण पकडले जायची तयारी हवी, आणि पकडल्यावर कोर्टात मजा घेता आली पाहिजे. ज्याला हरायला आवडत नाही त्याने सरळमार्गी राहावं. सरळमार्गी माणसालाही इथे कमी नाट्य नाही, कारण नकार दिला की ती गँग तुमचा चेहरा लक्षात ठेवते.

भाषेचं म्हणाल तर भारतीय सर्व्हरवर बोलणं मुख्यतः हिंदीत चालतं, मधे इंग्रजी. टोइंगवाल्याला शुद्ध भाषेची गरज नाहीच; नागपुरी हिंदी बोलणारा ड्रायव्हर त्या शहरात कुणाच्याही लक्षात राहील. उगाच अमेरिकी उच्चार काढण्यापेक्षा ते कितीतरी बरं. परदेशी सर्व्हरवर इंग्रजीच लागते आणि तिथे बरेचदा अर्ज, मुलाखत असे सोपस्कार असतात. घाईने अर्ज भरू नका. पात्राची माहिती विचारतात तिथे त्याच्या अब्जाधीश बापाऐवजी त्याला काय जमत नाही ते लिहा.

दोन-तीन आठवडे नीट काम केलं की एखादं गॅरेज तुम्हाला विचारतं: आमच्याकडे येतोस का? गॅरेजकडे स्वतःचा ट्रक असतो, अनामत नसते, आणि ओढून आणलेली गाडी तिथेच दुरुस्त होत असल्याने वाटा जास्त मिळतो. त्याआधी पात्रात राहूनच मुलाखत होते. मी मुलाखत घेणारा असतो तर एकच प्रश्न विचारला असता: फ्रीवेच्या मधल्या लेनमध्ये गाडी बंद आहे, फ्लॅटबेड कुठे लावशील? नवखा पटकन म्हणतो, गाडीच्या मागे, म्हणजे तिला आडोसा मिळेल. पण फ्लॅटबेडवर गाडी मागच्या बाजूने चढते, तेव्हा ट्रक बंद गाडीच्या पुढेच लावावा लागतो आणि मागची बाजू उघडी पडते. ती झाकायला पोलिसांची गाडी हवी, ती नसेल तर निदान शंकू आणि दिवा धरून उभा असलेला जोडीदार. ट्रकमधून उतरायच्या आधी जो रेडिओवर पोलिसांची गाडी मागवतो, त्याला मी चावी दिली असती. आणि जोडीदार म्हणून दुसरा नवखा शोधून आण, असंही सांगितलं असतं.